बाहुलीचं ‘हो’

लहानपणी माझ्याकडे चावीची एक बाहुली होती. पाठीतली चावी फिरवली की ती चार पावलं चालायची, मान हलवायची आणि थांबायची. मी तिला विचारायचे, “शाळेत येतेस?” ती मान हलवायची. “आज तुला जेवण नाही हं,” म्हटलं तरी मान हलवायची. आम्हा बहिणींना त्याची भारी मौज वाटे. पुढं चावी हरवली, बाहुली माळ्यावर गेली आणि पन्नास-पंचावन्न वर्षं मला तिची आठवणही झाली नाही. ती झाली गेल्या दिवाळीत, माझ्या भाचीनं मला तिच्या संगणकासमोर बसवलं तेव्हा.

भाची इंजिनीअर आहे, पण गोष्टी लिहायची हौस आहे. म्हणाली, “मावशी, मी एक गोष्ट लिहिलीय. पण ही नुसती वाचायची नाही. पुढं काय करायचं ते तू ठरवायचंस.”

पडद्यावर मजकूर आला. तू चेटकीण आहेस. रात्रभर बसून तू लाकडाची एक बाहुली कोरलीस. पहाटे तिच्या कानात मंत्र म्हटलास. बाहुलीनं डोळे उघडले. खाली निळ्या अक्षरांत तीन वाक्यं होती. ‘तिला उभी कर.’ ‘तिच्या हातात केरसुणी दे.’ ‘तिला गाणं म्हणायला सांग.’ जे करायचं असेल त्या वाक्यावर क्लिक करायचं.

चौतीस वर्षं मी शाळेत शिकवलंय. हुकूम सोडायची सवय अंगात मुरलेली. मी बाहुलीला उभी केली, घर झाडून घेतलं, गाणं म्हणायला लावलं. प्रत्येक वेळी ती फक्त ‘हो’ म्हणाली. शेवटी एक नवं वाक्य आलं. ‘तिला विचार, तुला इथं आवडतं ना?’ मी आनंदानं क्लिक केलं. बाहुली म्हणाली, ‘हो.’ गोष्ट संपली.

मी खूश. म्हटलं, “बघ, मी काही दुष्ट चेटकीण नाही. तिला विचारलं तरी.”

भाची हसली. म्हणाली, “मावशी, तिला ‘नाही’ म्हणताच येत नाही. मी तिच्यासाठी ‘नाही’ लिहिलेलंच नाही.”

श्रोते हो, हे वाक्य माझ्या मनातून काही केल्या जाईना. त्या निमित्तानं मी या प्रकारच्या गोष्टींची थोडी माहिती काढली. आमच्या पिढीला चेटकीण म्हटलं की रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातली चिंची आठवते. मी बोलतेय ती अशी गोष्टीतली चेटकीण. एरवी कुणा बाईला चेटकीण ठरवून छळण्याचा प्रकार किती भयंकर आहे, हे सांगायला नको. त्या आणि तसल्या इतर अघोरी प्रकारांना आळा घालण्यासाठी २०१३ साली आपल्या राज्याला कायदा करावा लागला.

तर, वाचकाच्या हातात सूत्रं देणाऱ्या या गोष्टींना इंग्रजीत इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. आपण संवादी कथा म्हणू. तिची सुरुवात अमेरिकेत १९७६ च्या सुमारास झाली. विल क्राउदर नावाचा प्रोग्रॅमर होता, त्याला गुहा धुंडाळायचा नाद. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना रमवता यावं, हा एक हेतू मनात धरून त्यानं संगणकावर एका गुहेची गोष्ट रचली. १९७७ मध्ये डॉन वूड्स यानं ती वाढवली. त्यात चित्रं नव्हती, होते ते नुसते शब्द. वाचकानं ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’, ‘दार उघड’ असं टंकायचं आणि संगणकानं पुढं काय घडलं ते सांगायचं.

यातली क्रियापदं पाहा. जा, घे, उघड. सगळी आज्ञार्थी. एरवीच्या कादंबरीत दुष्ट सावकार कुळाला छळतो, तेव्हा आपण बाजूला बसून हळहळतो. इथं मात्र हुकूम सोडणारे आपणच. दिव्याला ‘ये’ म्हणायला काही हरकत नाही, दिवा निर्जीव आहे. पण त्या गुहेत माणूस भेटला तर? किंवा एखादी बाहुली, जी काल निर्जीव होती आणि आज डोळे उघडून बघतेय?

हा प्रश्न गोष्टी लिहिणाऱ्यांनाही पडला. त्याचं एक उत्तर मला फार आवडलं. १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सन या इंग्रज गणितज्ञानं अशा गोष्टी लिहिण्यासाठी ‘इन्फॉर्म’ नावाची भाषा तयार केली. ती फुकट मिळते आणि आजही वापरात आहे. समजा, त्या भाषेत तुम्ही एक बाहुली लिहिलीत. वाचकानं ‘बाहुली घे’ म्हटलं की ती उचलली जाते. आता तिच्या वर्णनात फक्त एक शब्द घाला, ‘सजीव’ या अर्थाचा. पुन्हा ‘बाहुली घे’ म्हणा. आता संगणक उत्तर देतो, त्याचा अर्थ साधारण असा की, ‘बाहुलीला ते आवडेलसं वाटत नाही.’ तिला ढकलू पाहाल तर तो म्हणतो, ‘हे काही सभ्यपणाचं होणार नाही.’ आणि तिला एखादं काम सांगितलंत, तर उत्तर येतं, ‘बाहुलीला याहून बरी कामं आहेत.’

ही उत्तरं गोष्टीच्या लेखकानं लिहिलेली नसतात. भाषेतच ती आधीपासून असतात. लेखकानं काहीच ठरवलं नसेल, तर सजीव पात्राचं उत्तर ‘नाही’ हे गृहीत धरलेलं. ‘हो’ हवं असेल तर ते लेखकाला मुद्दाम लिहावं लागतं. २००६ मध्ये या भाषेची नवी आवृत्ती आली. तिच्यात तर ‘पटवण्याचे नियम’ असाच एक भाग आहे. कोण, कुणाचं, कुठल्या कामासाठी ऐकेल, हे तिथं मांडायचं. नाही मांडलं तर कुणी कुणाचं ऐकत नाही.

मला वाटलं, ही पद्धत किती उलटी आहे! आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे संमती. इथं गप्प बसणं म्हणजे नकार. अर्थात, एका ओळीत हा नियम बदलून सगळ्या पात्रांना कायमचं आज्ञाधारक करता येतं. पण ती ओळ तुम्हाला स्वतःच्या हातानं लिहावी लागते. आपण काय करतोय हे कळल्यावाचून ती लिहिली जात नाही.

याच भाषेत २००० साली एमिली शॉर्ट या लेखिकेनं ‘गॅलाटिया’ नावाची गोष्ट लिहिली. त्या वर्षी अशा गोष्टींच्या एका प्रदर्शनात ती सर्वोत्तम ठरली. गोष्टीत आपण कलासमीक्षक असतो. प्रदर्शनात चौथऱ्यावर एक पुतळा उभा आहे, पण तो जिवंत स्त्रीचा आहे आणि तिनं आपल्याकडे पाठ केलीय. करायचं काय, तर तिच्याशी बोलायचं. आपण काय विचारतो, कुठल्या क्रमानं विचारतो, नुसतं विचारतच सुटतो की स्वतःबद्दलही काही सांगतो, यावर तिचा कल बदलतो. तिनं वळून बघावं असं वाटत असेल, तर नुसतं ‘वळ’ म्हणून भागत नाही. शेवट एक नाही, कित्येक डझन आहेत. काहींत ती मैत्रीण होते, काहींत निघून जाते आणि काहींत समीक्षकाचा जीव घेते.

गॅलाटियाची मूळ कथा ग्रीक-रोमन पुराणातली. पिग्मॅलियन हा शिल्पकार स्वतःच कोरलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडतो, देवीला साकडं घालतो आणि पुतळा जिवंत होतो. रोमन कवी ओव्हिडनं दोन हजार वर्षांपूर्वी ही कथा सांगितली, तेव्हा त्या स्त्रीला नावसुद्धा नव्हतं आणि ती सबंध कथेत एक शब्दही बोलत नाही. डोळे उघडते ती थेट त्याच्या मिठीत. तिला कुणी काही विचारलं नाही.

ही कथा आपल्याला परकी नाही बरं का. बर्नार्ड शॉनं तिच्यावरून १९१३ मध्ये रंगभूमीवर आलेलं नाटक लिहिलं आणि पु. ल. देशपांड्यांनी त्याची ‘ती फुलराणी’ केली, १९७५ साली. भक्ती बर्वेंची मंजुळा ज्यांनी पाहिली, ते तिला विसरणार नाहीत. शॉच्या नाटकात फुलवाली मुलगी शिकायला स्वतःहून येते, शिकवणीचे पैसे द्यायलाही तयार असते. म्हणजे शिकण्याला तिची संमती आहे. पण तिच्यावर पैज लागते ती तिच्या देखत, तिला न विचारता. शिकवून झाल्यावर या मुलीचं पुढं काय, हा प्रश्न विद्वान प्राध्यापकाला पडत नाही, घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना पडतो.

गंमत अशी की माणसाशी गप्पा मारणाऱ्या सुरुवातीच्या संगणक प्रोग्रॅमला, १९६६ मध्ये, जोसेफ वायझेनबाउम यांनी याच फुलवालीचं नाव दिलं, एलायझा. तिची युक्ती साधी होती. तुम्ही जे म्हणाल त्याचाच प्रश्न करून ती परत विचारायची. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं तिच्याशी बोलायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! आपलं सगळं ऐकून घेणारं, कधी ‘पुरे’ न म्हणणारं कुणी मिळालं की माणूस किती लवकर विरघळतो. आज तर बोलणारे प्रोग्रॅम आपल्या फोनमध्ये आले आहेत, म्हणून ही गोष्ट सांगितली.

आता पुन्हा चेटकीण आणि बाहुलीकडे येते. इंग्रजीत अलीकडे हौशी लेखकांनी ही जोडी बरीच रंगवलीय. २००९ मध्ये ख्रिस क्लिमस यानं ‘ट्वाइन’ नावाचं मोफत साधन काढलं. भाचीची गोष्टही त्यातच लिहिलेली. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही त्यात गोष्ट लिहिता येते. त्यामुळे ज्यांच्या वाट्याला आयुष्यात हुकूमच फार आले, अशा कितीतरी जणांनी त्यात लिहिलं. झोई क्विन यांच्या २०१३ मधल्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ या गोष्टीत नायक नैराश्यात आहे. ‘मित्राला मोकळेपणानं सांग’ यासारखा शहाणपणाचा पर्याय पडद्यावर दिसतो, पण त्यावर रेघ मारलेली असते. दिसतो, निवडता येत नाही. नैराश्य म्हणजे काय, हे त्या एका रेघेनं मला जेवढं कळलं तेवढं भाषणांनी कळलं नव्हतं.

मी भाचीला म्हटलं, “तुझ्या बाहुलीला ‘नाही’ दे.” आठ दिवसांनी तिनं दुसरी प्रत दाखवली. या वेळी मी बाहुली झाले होते. चेटकीण म्हणाली, ‘घर झाड.’ खाली दोन शब्द होते, ‘हो’ आणि ‘नाही’. मी ऐटीत ‘नाही’ निवडलं. चेटकिणीनं मला चुलीत टाकलं. गोष्ट संपली.

मी म्हटलं, “अगं, हे काय?” ती म्हणाली, “का? ‘नाही’ दिलं की!”

तिसरी प्रत आणखी बिकट होती. यात मी पुन्हा चेटकीण होते आणि बाहुली कोरतानाच तिचा स्वभाव निवडायचा होता. अर्थातच मी आज्ञाधारक स्वभाव निवडला. चौतीस वर्षांची सवय! मग प्रत्येक कामाआधी मी तिला विचारलं. तिच्यासमोर ‘नाही’ होतं आणि त्याची शिक्षाही नव्हती. तरी ती दर वेळी मनापासून ‘हो’ म्हणाली. तिला खरंच आवडत होतं. कारण ती आवडच मी कोरलेली.

इथं मी अडकले. या ‘हो’ला काय म्हणायचं? खोटं म्हणता येत नाही, बाहुली आनंदात आहे. खरं म्हणवत नाही, कारण विचारणारी मी आणि उत्तर घडवणारीही मीच. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, “मलाही माहीत नाही, मावशी. म्हणून तर लिहिलं.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि तू तरी कुठं मोकळी होतीस? ‘बाहुलीला जाऊ दे’ असा पर्याय मी तुला दिलाच नव्हता. तू मागितलाही नाहीस.”

खरंच, मी मागितला नव्हता. समोर तीन वाक्यं आली की चौथं असू शकतं, हे सुचतच नाही.

आपल्या ‘सिंहासन बत्तिशी’तल्या पुतळ्या मला त्या रात्री आठवल्या. विक्रमाच्या सिंहासनावर भोज राजा चढायला जातो. त्याची सत्ता आहे, सिंहासन त्यानंच जमिनीतून उकरून काढलंय. पण पायरीवरची पुतळी बोलू लागते. म्हणते, राजा, थांब, आधी विक्रमाची गोष्ट ऐक, तेवढी योग्यता असेल तर बस. असं बत्तीस वेळा होतं. लहानपणी मला पुतळ्यांचं नवल वाटायचं. आता राजाचं वाटतं. एवढा राजा, लाकूड-दगडाची पुतळी नको म्हणते आणि तो थांबतो!

श्रोते हो, आता जे सांगणार आहे ते सांगायची परवानगी मी माझ्या धाकट्या बहिणीकडून घेतलीय. या भाचीच्या आईकडून.

तिला बघायला पाहुणे आले होते. बाहेर बैठकीत माणसं, आत स्वयंपाकघरात पोह्यांच्या बश्या भरलेल्या. मुलाकडच्यांनी तिथंच पसंती कळवली. वडील मला म्हणाले, “तिला विचारून ये.” आमच्या वडिलांना याचा अभिमान होता की आमच्याकडे मुलीला विचारतात. मी आत गेले. बहीण ओट्याला टेकून उभी होती. मी म्हटलं, “हो म्हणून सांगू ना?” ती म्हणाली, “हो.” मी बाहेर येऊन सांगितलं आणि साखर वाटली गेली.

बहिणीचा संसार चांगला झाला. मेहुणे सज्जन आहेत. इतक्या वर्षांत मला त्या प्रसंगाबद्दल कधी काही वाटलं नव्हतं. पण बाहुलीचं ते ‘हो’ ऐकल्यापासून स्वयंपाकघरातलं ‘हो’ कानात वाजू लागलं. शेवटी एकदा फोन केला. म्हटलं, “तेव्हा तुला ‘नाही’ म्हणता आलं असतं का गं?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, बाहेर पंधरा माणसं बसली होती. बाबांचा चेहरा मला दारातून दिसत होता. आणि तू ‘हो म्हणून सांगू ना’ असं विचारलं होतंस. त्यात ‘नाही’ कुठं ठेवायचं?”

मी म्हटलं, “म्हणजे तुला नको होतं?”

“तसं नाही गं. दोन दिवस दिले असते, तर मी बहुतेक हो म्हटलंच असतं. पण मग ते माझं झालं असतं.”

मला काही बोलता आलं नाही. मी तिला विचारलं होतं, यात खोटं काही नव्हतं. पण प्रश्नात उत्तर भरून दिलं होतं. नाही म्हटलं असतं तर घरातला चुलीचा प्रसंग मीही ओढवला असता, कदाचित सर्वांत मोठ्या आवाजात मीच. आणि मोठ्यांचं ऐकण्यात आनंद मानायचा, ही आवड तिच्यात घालणाऱ्यांत थोरली म्हणून माझाही हात होता. भाचीच्या तिन्ही प्रती आमच्या एका स्वयंपाकघरात मावल्या.

यावर उपाय काय, हे सांगण्याइतकी मी शहाणी नाही. एवढं मात्र करू लागलेय. घरात, शेजारी, नातवंडांशी बोलताना वाक्याच्या शेवटचा ‘ना’ गिळते. ‘येतेस ना?’ऐवजी ‘येणार आहेस का?’ आणि पुढं, ‘उद्या सांगितलंस तरी चालेल.’ हा ‘ना’ जीभ सोडत नाही हो, फार चिवट आहे. करून बघा.

भाचीनं गोष्टीची चौथी प्रत पाडव्याला पाठवली. यात बाहुलीच्या पाठीला चावी आहे आणि पहिल्याच पानावर चेटकिणीला चौथं वाक्य मिळतं, ‘चावी तिच्या हातात दे.’ मी दिली. मग विचारलं, ‘घर झाडशील का?’ बाहुली म्हणाली, ‘आज नको.’ मला चुलीत टाकायचा पर्याय नव्हता. होतं ते एकच निळं वाक्य, ‘केरसुणी घे.’ माझ्या त्या चेटकिणीनं एवढं मोठं घर स्वतः झाडलं आणि बाहुली खिडकीत बसून बघत राहिली. तिसऱ्या खोलीपर्यंत आले तेव्हा ती आपणहून उठली. पुढं ती काय म्हणते, ते मी सांगत नाही. कारण दुसऱ्यांदा खेळले तेव्हा ती उठलीच नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)